रोजच्या जगण्याची चित्रे
माधुरी पुरंदरे यांची बालपुस्तके आणि आपल्या पेढीवरची मुले

व्यापारी घरातील मुलाला अक्षरांच्या आधी आकडे येतात, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु आकड्यांच्याही आधी त्याला चित्रे येतात, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. दुकानाच्या भिंतीवरची दिनदर्शिका, उदबत्तीच्या पुड्यावरचा मोर, बिस्किटांच्या डब्यावरची मुलगी, काडेपेटीवरचे जहाज आणि चहाच्या पेटीवरचा हत्ती ही बारामती-इंदापूरच्या बाजारपेठेत वाढलेल्या कित्येक पिढ्यांची पहिली चित्रपुस्तके होती. गादीवर तक्क्याला टेकून बसलेले मूल तासन्‌तास ती न्याहाळीत असे. वडीलधाऱ्यांना वाटे, पोर शांत बसले आहे. प्रत्यक्षात ते वाचीत असे.

आपल्या मंदिरांत आणि पाठशाळांतही मुलाचे पहिले वाचन चित्रांचेच असते. सहा लेश्यांचे ते सुपरिचित चित्र आठवावे. फळांनी लगडलेले जांभळाचे झाड आणि भुकेले सहा पुरुष. एक झाड मुळापासून उपटू पाहतो, दुसरा खोड तोडू पाहतो, तिसऱ्याला मोठ्या फांद्या हव्यात, चौथ्याला घोस, पाचव्याला केवळ फळे. आणि सहावा भूमीवर गळून पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्णापासून शुक्लापर्यंतचे रंग त्या पुरुषांच्या अंगावर असतात. लेश्या या शब्दाचा अर्थ पुढे कितीतरी वर्षांनी कळतो. परंतु चित्रातला सहावा पुरुष शोधून त्याच्यावर बोट ठेवण्याचा आनंद मूल चौथ्या वर्षीच घेते. तात्पर्य कोणी सांगितले नाही तरी कुऱ्हाड घेतलेला माणूस त्याला आवडत नाही. चांगल्या चित्राचे सामर्थ्य इथेच आहे. ते मुलाला शोधू देते, थांबू देते आणि निष्कर्ष त्याच्यावर सोपवते.

हे सामर्थ्य ओळखून मराठी मुलांसाठी आयुष्यभर काम करणाऱ्या लेखिका आणि चित्रकार माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांविषयी आपल्या वाचकांशी बोलावे, म्हणून हा लेखप्रपंच.

शब्दांच्या घरातील बालपण

माधुरीताईंचा जन्म 1952 साली पुण्यात झाला. शिवचरित्रकार बाबासाहेब पुरंदरे हे त्यांचे वडील. आई निर्मलाताई या 'माणूस' साप्ताहिकाचे आणि राजहंस प्रकाशनाचे श्री. ग. माजगावकर यांच्या भगिनी. म्हणजे एका बाजूला बखरी, कागदपत्रे आणि गडकोट, तर दुसऱ्या बाजूला साप्ताहिकाचा छापखाना, मुद्रिते आणि लेखकांचा राबता. एखाद्या मुलाच्या घरी धान्याची पोती असावीत, तसे या घरी शब्द होते. ज्या घरात जो माल, त्याची पारख मुलांना न शिकवता येते, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊन तेथे चित्रमुद्रणाचा अभ्यास केला. परतल्यावर पुण्यात अनेक वर्षे त्यांनी फ्रेंच भाषा शिकवली, गायन केले, अनुवाद केले, पिकासोचे मराठी चरित्र लिहिले. इतक्या वाटा मोकळ्या असताना त्यांनी आपल्या कामाचा मोठा भाग लहान मुलांना दिला.

या निवडीमागे आईच्या कामाची पार्श्वभूमी आहे. निर्मलाताईंनी 1981 साली 'वनस्थळी' ग्रामीण विकास केंद्राची स्थापना केली. खेड्यापाड्यांतील स्त्रियांना बालवाडी चालविण्याचे प्रशिक्षण देणे हे या संस्थेचे मुख्य कार्य. ज्या गावी खेळणी नाहीत, रंग नाहीत, पुस्तके नाहीत, तेथे तीन-चार वर्षांच्या मुलाशी काय बोलावे, त्याला काय दाखवावे, हा त्या बालवाडीताईंपुढचा रोजचा प्रश्न असे. संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन माधुरीताईंनी केले आहे. शहरातील कलाशिक्षण आणि खेड्यातील बालवाडी अशा दोन टोकांना जोडणारे हे काम होते. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांतील मूल केवळ शहरी सदनिकेत राहत नाही.

लहान माणसाचा इतिहास

वडिलांनी राजा-महाराजांचा, लढायांचा आणि किल्ल्यांचा इतिहास सांगितला. मुलीने चार वर्षांच्या माणसाचा इतिहास लिहिला आणि चितारला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. त्यांच्या पुस्तकांची नुसती नावे वाचली तरी हे ध्यानात येते. 'राधाचं घर', 'बाबाच्या मिश्या', 'हात मोडला', 'मामाच्या गावाला', 'मोठी शाळा', 'पाहुणी', 'कंटाळा'. या नावांत राक्षस नाही, परी नाही, सिंह आणि ससा नाहीत. आहे तो आपल्या घरातील रोजचा दिवस.

'राधाचं घर' या छोट्या पुस्तकांच्या संचात राधा नावाची मुलगी आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते. कथानक म्हणावे असे त्यात काही नाही. परंतु घरातील प्रत्येक माणसाची एक लकब, एक सवय, एक जागा असते आणि मूल ती अचूक टिपत असते, हे त्या पुस्तकांतून उमगते. 'बाबाच्या मिश्या' मधील अनूला बाबा फार आवडतो आणि त्याच्या मिश्या तर सर्वांत अधिक आवडतात. मोठ्यांना हा विषय पुस्तकाइतका मोठा वाटणार नाही. मुलाला मात्र तो पुरून उरतो.

'चित्रवाचन' या पुस्तकाची जातच निराळी. त्यातील मोठमोठ्या, माणसांनी आणि वस्तूंनी गजबजलेल्या चित्रांतून रोजच्या जगण्यातील दृश्ये समोर येतात. मुलाला मांडीवर घेऊन ती पाहावीत, त्यात काय चालले आहे ते एकमेकांना सांगावे, हा त्यामागील हेतू. अक्षरे न येणारी आजीही नातवंडांना ते पुस्तक वाचून दाखवू शकते, किंबहुना अधिक चांगले दाखवू शकते, कारण तिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते.

मोठ्या मुलांसाठी त्यांनी 'वाचू आनंदे' हे चार भागांचे संकलन सिद्ध केले. मराठी साहित्यातील निवडक उतारे आणि त्यांच्या जोडीला भारतीय चित्र-शिल्पकलेतील नमुने, अशी त्याची रचना आहे. 'लिहावे नेटके' या संचातून मराठी लिहिण्याचा सराव खेळीमेळीने होतो. या साऱ्या कार्याची दखल घेऊन 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला आणि 2016 साली टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कारही त्यांच्या मराठी लेखनाला लाभला.

या पुस्तकांचा एक गुण आपल्यासारख्या संस्कारांना महत्त्व देणाऱ्या समाजाने विशेषत्वाने लक्षात घ्यावा. ती उपदेश करीत नाहीत. मुलाला कंटाळा येतो, त्याला राग येतो, पाहुणा नकोसा होतो, नव्या शाळेची भीती वाटते. लेखिका त्याला लगेच शहाणे करावयास धावत नाही. घरातील माणसे त्याच्याशी बोलतात, त्याचे ऐकतात, आणि हळूहळू मार्ग सापडतो. संस्कार म्हणजे सांगितलेले वाक्य नसून घरात ऐकू येणारा सूर आहे, हे अशा पुस्तकांतून पालकांनाही शिकता येते.

सोळा पानांचा हिशेब

'एवढेसे पुस्तक आणि इतकी किंमत!' हा उद्गार पुस्तकांच्या प्रदर्शनात हमखास ऐकू येतो. आपण व्यापारी आहोत, तेव्हा हा हिशेब एकदा नीट मांडून पाहू.

पुस्तक सुटे पान सुटे पान असे छापले जात नाही. मोठ्या कागदावर एकदम आठ वा सोळा पाने छापून त्या कागदाच्या घड्या घालतात. त्याला मुद्रणाच्या भाषेत फर्मा म्हणतात. म्हणून चित्रपुस्तके बहुधा सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात. कथा याच मापात बसवावी लागते. मुखपृष्ठ, श्रेयनामावली आणि शेवटचे पान वजा जाता चित्रकाराच्या हाती थोडीच पाने उरतात. कोठे पान उलटावयाचे, उलटण्याआधी मुलाच्या मनात कोणती उत्सुकता ठेवावयाची, कोठे शब्द गाळून केवळ चित्राला बोलू द्यावयाचे, हे सारे त्या मोजक्या पानांत ठरते. तराजूत सोने तोलावे तशी येथे वाक्ये तोलली जातात.

शिवाय रंगीत छपाईस चार रंगांचे चार ठसे लागतात. चित्रे काढण्याचा, छपाईच्या जुळणीचा आणि ठशांचा खर्च हजार प्रती काढा की दहा हजार, जवळजवळ तितकाच राहतो. प्रती थोड्या निघाल्या की तो सारा भार प्रत्येक प्रतीवर पडतो. इंग्रजी पुस्तकाला जगभरचे गिऱ्हाईक आहे. मराठी पुस्तकाला मराठी घराखेरीज दुसरे गिऱ्हाईक नाही. मागणी नसलेला माल बाजारात कोणी आणीत नाही, हा नियम पुस्तकांनाही लागू आहे. माधुरीताईंची बहुतेक पुस्तके काढणारे ज्योत्स्ना प्रकाशन, अनेक भाषांत स्वस्त बालपुस्तके देणारे प्रथम बुक्स, 1957 साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट यांसारख्या मोजक्या संस्थांनी हा व्यवहार टिकवून धरला आहे. आपण वर्षाकाठी किती मराठी चित्रपुस्तके विकत घेतो, यावर तो पुढे टिकेल की नाही ते ठरणार आहे.

आपले गाव कोणत्या पुस्तकात आहे?

इंदापूरच्या मुलाला मालोजीराजांच्या गढीची माहिती असते. बारामतीच्या मुलाला मोरोपंतांचे नाव शाळेत कधीतरी ऐकू येते. थोरांचा इतिहास पोहोचतो. परंतु त्या मुलाचे स्वतःचे जग कोणत्या पुस्तकात आहे?

जरा डोळ्यांसमोर आणून पाहावे. आषाढवारीत तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास येते, तेव्हा बाजारपेठेतील ओट्याओट्यावर पाण्याचे पिंप आणि फराळाच्या परातीमागे आपलीच मुले उभी असतात. बेलवाडीच्या रिंगणात धावणारा अश्व ती वडिलांच्या खांद्यावरून पाहतात. निमगाव केतकीच्या पानमळ्यांतील हिरवी सावली, भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, पाणी ओसरल्यावर वर येणारे पळसदेवचे जुने मंदिर, वालचंदनगरच्या कारखान्याचा भोंगा, उसाच्या गाड्यांनी अडलेला रस्ता, मार्केट यार्डातील गुळाच्या ढेपांचा वास. याहून सुंदर चित्रपुस्तक कोणते असेल? परंतु ते अद्याप कोणी काढलेले माझ्या पाहण्यात नाही.

आणि दुकान! पोत्यातून धान्याचा नमुना काढणारी टोकदार नळी, दाभण आणि सुतळी, कागदाचा झटकन होणारा पुडा, गल्ल्याचा आवाज, दिवाळीतील वहीपूजनाच्या वेळी नव्या चोपडीवर उमटणारे कुंकवाचे बोट, हमालांच्या पाठीवरून उतरणारी पोती. आपल्या मुलांच्या बालपणाचा अर्धा भाग या जगात जातो. इंग्रजी चित्रपुस्तकांतून त्यांना बर्फ, अस्वले आणि लाल फायर इंजिने ओळखू येतात. तागडीचे चित्र मात्र त्यांना केवळ राशिचक्रात भेटते.

ज्याचे जग पुस्तकात येत नाही, त्या मुलाला ते जग सांगण्याजोगे वाटेनासे होते. वडिलांच्या धंद्याविषयी दहाव्या वर्षी वाटणारा संकोच आणि विसाव्या वर्षी 'मला दुकानात बसायचे नाही' हा निर्धार यांची कारणे आर्थिक असतात, हे खरे. तथापि त्यांतील एक बारीक मूळ येथेही असावे, असे मला वाटते.

पाठमोरे वडील

गतवर्षी 'राधाचं घर' मधील पुस्तके आमच्या घरी आणली. पाच वर्षांच्या नातीने ती इतक्या वेळा ऐकली की पाने तिला मुखोद्गत झाली. एके दिवशी तिने विचारले, "आजोबा, माझं घर कुणी लिहिलंय?" उत्तर देण्याऐवजी तिला जुन्या बिलबुकाचे कोरे पाठपान आणि पेन्सिल दिली. दुपारभर बसून तिने चित्र काढले. त्यात पोती होती, वजनकाटा होता, चहाचा पेला होता, हमालमामांचा फेटा सर्वांत मोठा होता. आजी स्वयंपाकघराच्या दारात होती. गल्ल्यावर बसलेल्या तिच्या वडिलांना मात्र तोंड नव्हते. नुसते केस आणि सदऱ्याची पाठ.

"पप्पांचं तोंड राहिलं की गं," तिची आजी म्हणाली.

"राहिलं नाही. पप्पा असेच असतात," ती म्हणाली.

आणि ते खरेच होते. आमचे घर दुकानाच्या मागे आहे. घरातून दुकानात डोकावणाऱ्या मुलाला गल्ल्यावरचा माणूस पाठमोराच दिसतो. त्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे असते, सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत. तिने रागाने किंवा दुःखाने तसे काढले नव्हते. दिसले तसे काढले. माझ्या मुलाने ते चित्र बराच वेळ पाहिले आणि घडी न घालता गल्ल्यापुढच्या काचेखाली ठेवले. त्यानंतर दुकान वाढवल्यावर तो रोज वीस मिनिटे मुलीजवळ बसू लागला. कधी पुस्तक असते, कधी नुसते बोलणे.

वीस मिनिटांनी काय होते, असे कोणी विचारील. 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे जगातील साठांहून अधिक भाषांत गेलेले चित्रपुस्तक 1969 साली प्रसिद्ध झाले. त्याचे चित्रकार एरिक कार्ल यांचा जन्म 1929 साली अमेरिकेत झाला. सहाव्या वर्षी आई-वडिलांबरोबर ते जर्मनीत स्टुटगार्टला गेले. लहानपणी वडील त्यांना फिरावयास नेत, दगड उचलून आणि झाडाची साल बाजूला करून खालचे किडे-मुंग्या दाखवीत आणि त्यांना इजा न होऊ देता पुन्हा जागच्या जागी ठेवीत. पुढे महायुद्ध आले. वडील सैन्यात गेले, रशियनांच्या कैदेत पडले आणि परतले ते खचून. मुलाच्या हाती उरली ती लहानपणीची फिरण्याची आठवण. आपल्या पुस्तकांतील कोळी, भुंगे, सुरवंट यांचे मूळ त्या फेरफटक्यांत आहे, असे कार्ल सांगत असत. लहान जिवाला न दुखावता पाहणे आणि जागच्या जागी ठेवणे ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

तीन भाषांचे घर

आपल्या पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या तोंडी गुजराती किंवा मारवाडी वळणाची बोली असते, दुकानात मराठी असते आणि शाळेत इंग्रजी. तीन भाषांत वाढणारे मूल भाग्यवान. पण त्यांपैकी कोणत्याच भाषेत ते मनापासून वाचू शकले नाही, तर तिन्ही भाषा त्याच्यासाठी केवळ व्यवहाराच्या राहतात. इंग्रजी माध्यमातील मुलाला मराठी पाठ्यपुस्तक हा नकोसा विषय होतो, कारण त्याची मराठीशी पहिली भेट परीक्षेत होते. ती भेट मांडीवर, चित्रांतून, हसत झाली, तर पुढील वाट सोपी होते. मोठ्या अक्षरांतील एकेक ओळ आणि शेजारी तिचा अर्थ सांगणारे चित्र, एवढ्या आधाराने मूल मराठी वाचू लागते. प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. मुलाच्या हाती मोबाइल जाणारच असेल, तर निदान त्यावर तेवढे तरी उघडून द्यावे.

समाजाने काय करावे?

यासाठी मोठा निधी नको आणि समितीही नको. आपल्या चालू प्रथांतच थोडा बदल करता येईल.

आपल्याकडे तपाच्या पारण्याला, पूजेला, पर्वाच्या दिवसांत प्रभावना वाटण्याची सुंदर रीत आहे. वाटी, पेला, डबा आपण वर्षानुवर्षे देत आलो आणि प्रत्येक घराची फडताळे त्यांनी भरली आहेत. यंदा एखाद्या कुटुंबाने मुलांसाठी मराठी चित्रपुस्तकाची प्रभावना करून पाहावी. शंभर प्रती एकदम मागवल्यास प्रकाशक सवलत देतात, आणि शंभर घरांत एकेक पुस्तक जाते. पाठशाळेच्या बक्षिसांत कंपासपेटीच्या जागी पुस्तक ठेवता येईल. स्थानकात किंवा मंदिराच्या सभागृहात एक उघडे फडताळ ठेवता येईल. कुलूप लावलेले ग्रंथालय मुलांसाठी नसतेच. पुस्तके फाटतील, हरवतील, हे खर्ची घालूनच हा व्यवहार मांडावा.

ज्यांची मुले-मुली चित्रकला शिकू इच्छितात, त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोलावे. 'त्यात काय मिळते' हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर नेहमीच समाधानकारक असेल असे नाही. परंतु बारामतीचा बाजार, इंदापूरची गढी, उजनीचे पाणी आणि आपल्या पेढीवरचा दिवस रेखाटणारा चित्रकार बाहेरून येणार नाही. तो येथल्याच एखाद्या घरात, एखाद्या बिलबुकाच्या पाठीवर आज काहीतरी गिरवीत असेल.

आणि अखेरचे. येत्या दिवाळीला वहीपूजन करताना नव्या रोजमेळ-खतावणीच्या शेजारी घरातील प्रत्येक मुलासाठी एक कोरी वही ठेवावी. तिच्यावरही स्वस्तिक काढावे, कुंकू लावावे आणि ती रंगाच्या खडूंसह मुलाच्या स्वाधीन करावी. वर्षअखेरीस आपली खतावणी मिटवताना ती वहीही उघडून पाहावी. आपल्या घराने वर्षभर काय कमावले याची काही नोंद तिच्यातही सापडेल.